पेपर किती ते नंतर, आधी एक ओळ वाचा

परळ, सायन, मुंबई सेंट्रल, भायखळा. इथल्या मेडिकल कॉलेजांत एमडीचे नवे रेसिडेंट दरवर्षी रुजू होतात आणि पहिल्या काही महिन्यांतच त्यांना गाइड आणि थिसिसचा विषय ठरवावा लागतो. गाइडच्या नावापुढे 'शंभरहून अधिक पब्लिकेशन्स', म्हणजे छापून आलेले शोधनिबंध किंवा पेपर, असं लिहिलेलं असतं. अँजिओप्लास्टीसाठी डॉक्टर शोधणारे नातेवाईकही वेबसाइटवर हाच आकडा वाचतात आणि भारावतात. हृदयरोग, मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा यांवर जगभर इतकं छापलं जातं की नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. या पेपरांची यादी ओळीओळीने वाचावी लागते, आणि थोडी सवय झाली की तासाभरात वाचून होते.

यादी छापून घ्या आणि पेन्सिल हातात धरा. प्रत्येक ओळीपुढे एक खूण करायची: मूळ संशोधन, इतरांच्या पेपरांचा आढावा, केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णाची हकिगत) की किरकोळ. संपादकाला लिहिलेली पत्रं, पुस्तकातली प्रकरणं आणि परिषदेतल्या पोस्टरचे गोषवारे हे सगळं किरकोळात जातं. सगळ्यात जास्त फसवतात ते गोषवारे. कार्डिऑलॉजीच्या मोठ्या परिषदांचे गोषवारे जर्नलच्या पुरवणी अंकात छापून येतात. त्यामुळे ओळीत जर्नलचं नाव, वर्ष, खंड, पान सगळं असतं आणि ती हुबेहूब पेपरासारखी दिसते. पान क्रमांकाआधी 'एस' अक्षर असेल किंवा सुरुवातीचं आणि शेवटचं पान एकच असेल, तर ती ओळ उघडून बघा. पुरवणीत खरे पेपरही येतात, म्हणून न बघता खोडू नका. गोषवाऱ्यात खोटं काही नसतं, पण त्याची पेपराइतकी कसून तपासणी झालेली नसते. तीन-चार वर्षं उलटली आणि त्याचा पूर्ण पेपर कुठेच आला नाही, तर ते काम तिथेच थांबलं असं धरायला हरकत नाही.

मग यादीतल्या ओळी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीत, सापडतात का ते बघायचं. इथे आपल्या नावांची मोठी पंचाईत होते. शोधचौकटीत आडनाव, आद्याक्षरं आणि पुढे चौकटी कंसात 'ए' आणि 'यू' ही रोमन अक्षरं टाकली की त्या लेखकाचे पेपर येतात. पण 'पाटील एस' किंवा 'जोशी ए' टाकलं तर अर्ध्या महाराष्ट्राचे पेपर समोर येतात. कोणी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतं, कोणी लावत नाही, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांचं काम दोन नावांत विभागलं जातं. त्यातून पबमेडवर लेखकांची पूर्ण नावं साधारण २००२ पासूनच नोंदलेली आहेत. त्याआधीचं सगळं आद्याक्षरांवर चालतं.

नावासोबत संस्थेचं नाव टाकून शोध आवळता येतो. त्यासाठी चौकटी कंसात 'ए' आणि 'डी'. पण २०१४ च्या आधीच्या बहुतेक नोंदींत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता घेतलेला आहे. एखादी प्राध्यापक २००५ साली एखाद्या पेपरात चौथी लेखिका असेल, तर संस्थेच्या नावाने शोधल्यावर तो पेपर हाती लागणार नाही आणि तुम्हाला वाटेल की तिने यादी फुगवली. दुसरं म्हणजे, नुसतं 'केईएम हॉस्पिटल' टाकू नका. परळचं केईएम वेगळं आणि पुण्याच्या रास्ता पेठेतलं वेगळं, आणि मधुमेहावरचं काम दोन्हीकडून भरपूर आलेलं आहे. परळसाठी सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज हे नाव जोडा. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, तेव्हा जुन्या पेपरांसाठी 'बॉम्बे' टाकूनही एकदा शोधा. या सगळ्या कटकटीवरचा उपाय म्हणजे ऑर्किड, सोळा अंकी कायमचा क्रमांक. २०१२ पासून तो फुकट मिळतो. यादीवर ऑर्किड असेल तर निम्मं काम तिथेच होतं. तरी ऑर्किडच्या पानावरच्या नोंदी संशोधक स्वतःही भरू शकतो, त्यामुळे ते पान हाच पुरावा मानू नका.

'पबमेडवर आहे' आणि 'मेडलाइनमध्ये इंडेक्स्ड आहे' या दोन गोष्टी एक नाहीत, हेही लक्षात असू द्या. मेडलाइन हा पबमेडमधला निवडक भाग, त्यासाठी जर्नलची निवड होते. पबमेडवर मात्र मेडलाइनच्या बाहेरचेही बरेच पेपर दिसतात, त्यात पबमेड सेंट्रल या खुल्या साठ्यातले येतात. जर्नल मेडलाइनमध्ये आहे का हे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. नावं फसवी असतात. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं नामांकित जर्नलच्या नावात एखादा शब्द फिरवून नाव घेतात. म्हणून नाव न जुळवता आयएसएसएन हा आठ आकडी क्रमांक जुळवा. परळहून १९५५ पासून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन किंवा देशातल्या फिजिशियनांच्या संघटनेचं जापी यांसारख्या भारतीय जर्नलांतले पेपर परदेशी नाव नाही म्हणून खाली ढकलले जातात. ते मला अजिबात पटत नाही. आपल्या रुग्णांबद्दलच्या कितीतरी गोष्टी आधी तिथेच छापून येतात.

आता लेखकांचा क्रम. वैद्यकीय पेपरात पहिल्या लेखकाने प्रत्यक्ष काम केलेलं असतं, शेवटचा लेखक सहसा ज्येष्ठ असतो आणि करस्पॉन्डिंग लेखक प्रश्नांना उत्तर द्यायला बांधील असतो. मधली नावं कशी आली ते पेपराच्या शेवटी असलेल्या योगदानाच्या परिच्छेदात वाचायचं. जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपणाचे चार निकष आहेत: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात खरा वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मोलाची दुरुस्ती करणं, अंतिम प्रतीला मान्यता आणि पेपरातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी. चारही हवेत. 'रुग्ण माझ्या युनिटचे होते' एवढ्यावर कोणी लेखक होत नाही.

आपल्याकडे या क्रमावर बढतीच्या नियमांचा थेट परिणाम होतो. वैद्यकीय शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने २०१५ मध्ये पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय दिलं, २०१७ मध्ये पहिला आणि करस्पॉन्डिंग लेखक, तर २०२० मध्ये पहिले तीन किंवा करस्पॉन्डिंग. त्यामुळे एखाद्याच्या यादीत बढतीच्या आधीच्या वर्षात अचानक दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची ओळीने नावं दिसली, तर ते पेपर एकेक करून उघडा. विषय त्याच्या कामाशी जुळतो का? हृदयरोगतज्ज्ञाच्या यादीत त्वचारोगाची केस रिपोर्ट कशी आली? उत्तर सरळ असू शकतं, पण विचारायला हवं. उलट बाजूही बघा. थिसिसवरून निघालेल्या पेपरात रेसिडेंटचं नाव पहिलं आणि गाइडचं शेवटी असेल, आणि असं वर्षानुवर्षं दिसत असेल, तर तो गाइड विद्यार्थ्याचं श्रेय विद्यार्थ्याला देतो. गाइड निवडायला यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

मोठ्या ट्रायलची, म्हणजे लोकांचे गट करून उपचार ताडून पाहणाऱ्या अभ्यासाची, आणखी एक मेख. हृदयविकाराच्या आंतरराष्ट्रीय ट्रायलमध्ये शेकडो केंद्रं असतात. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरांची नावं परिशिष्टात येतात आणि पबमेडवर ती 'कोलॅबोरेटर' म्हणून वेगळी दिसतात. ते काम खरं असतं आणि कष्टाचंही, पण ते लेखकपण नव्हे. प्रामाणिक यादीत त्याचं वेगळं शीर्षक असतं. ते लेखकांच्या यादीत मिसळलेलं दिसलं, की बाकीच्या ओळीही जास्त बारकाईने वाचा.

एवढी छाननी झाली की खरं वाचन सुरू होतं. मुंबईचंच उदाहरण घेऊ. इथल्या झोपडपट्ट्यांतल्या स्त्रियांवर 'सरस' नावाची ट्रायल झाली. गरोदर राहण्याआधीपासून त्यांना रोज समोसा-भज्यांसारखा एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाज्या, फळं आणि दूध, दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्या. मुख्य पेपर २०१४ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशनमध्ये आला. यादीत तो एका ओळीत मावतो. आत काय आहे ते बघा.

रँडमाइज केलेल्या, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या गटांत वाटलेल्या, स्त्रिया ६५१३. त्यांतल्या २२९१ गरोदर राहिल्या, १९६२ जणींना एकेक जिवंत बाळ झालं आणि १३६० बाळांची मोजमापं हाती आली. ही गळती पहिल्यांदा वाचायची. गर्भधारणेआधीपासून सुरू होणाऱ्या अभ्यासात ती अटळ असते आणि लेखकांनी ती उघड मांडली आहे. मुख्य प्रश्न होता जन्माच्या वजनाचा. ज्यांना ज्या गटात टाकलं त्यांना त्याच गटात मोजलं, तर फरक २६ ग्रॅमचा, आणि खात्रीची मर्यादा, म्हणजे खरा फरक बहुधा ज्या दोन आकड्यांच्या मधे असेल ते आकडे, उणे १५ ते अधिक ६८. मर्यादेत शून्य येतं, म्हणजे एकंदरीत वजन वाढलं असं म्हणता येत नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेतला, त्यांच्यात फरक ४८ ग्रॅम, मर्यादा १ ते ९६. आणि आईच्या बीएमआयप्रमाणे (उंचीच्या मानाने वजन) तीन गट करून पाहिलं तर सगळ्यांत कृश तृतीयांशात उणे २३ ग्रॅम, मधल्यात अधिक ३४, वरच्यात अधिक ९६. ज्या कृश बायकांना सगळ्यात जास्त गरज होती असं वाटलं असतं, त्यांच्याच बाळांचं वजन वाढलं नाही. हे वाचून चटका बसतो, आणि पुढचे कितीतरी प्रश्न इथूनच निघतात.

मग २०१६ मध्ये त्याच ट्रायलमधून दुसरा पेपर: साखरेची तपासणी झालेल्या १००८ जणींत गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण बटाट्याच्या गटात १२.४ टक्के, पालेभाज्यांच्या गटात ७.३ टक्के. निकाल मोठा आहे. पण वाचताना दोन गोष्टी मनात धरायच्या: ट्रायलचा मूळ प्रश्न वजनाचा होता, आणि मोजल्या गेल्या त्या सुरुवातीच्या ६५१३ पैकी १००८ जणी. एका ट्रायलमधून निघालेले दोन पेपर हे तुकडे पाडणं नव्हे, कारण दोन्ही पेपरांत ट्रायल एकच आहे हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तुकडे पाडणं म्हणजे एकाच ओपीडीतले, त्याच महिन्यांतले तेच दोनशे रुग्ण. एका पेपरात त्यांचं युरिक ॲसिड, दुसऱ्यात कमरेचा घेर, तिसऱ्यात व्हिटॅमिन डी, आणि एकात दुसऱ्याचा उल्लेखही नाही. ते पकडायला संशयास्पद पेपर शेजारी ठेवून तीनच गोष्टी जुळवा: भरतीचा काळ, ठिकाण आणि रुग्णांची संख्या.

ट्रायल असेल तर नोंदणी क्रमांक हवाच. भारतातली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री म्हणजे सीटीआरआय जुलै २००७ मध्ये सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी केली तरच ती स्वीकारली जाते. क्रमांक आधी वर्ष, मग महिना, मग सहा आकडे असा असतो. म्हणजे नोंदणी कधी झाली हे क्रमांकातच लिहिलेलं असतं. पेपरातली भरतीची पहिली तारीख त्याशेजारी ठेवा. नोंदणी नंतरची असेल, तर निकाल हाती आल्यावर मुख्य प्रश्न ठरवला नाही ना, हे तपासायला हवं. त्यासाठी रजिस्ट्रीवरचा प्रायमरी आउटकम (मुख्यतः काय मोजायचं ते) आणि पेपरातला प्रायमरी आउटकम शब्दाशब्दाने जुळवा. रेसिडेंटची नेहमीची चूक इथेच होते. एथिक्स कमिटीची मंजुरी आली की डेटा घ्यायला सुरुवात होते आणि सीटीआरआय नंतर आठवतं. तेव्हा वेळ गेलेली असते, आणि नोंदणीशिवाय ट्रायल छापायला चांगली जर्नलं तयार होत नाहीत.

चयापचयाच्या पेपरांत मोजमापाच्या पद्धतीचा परिच्छेद लोक गाळतात, आणि सगळी गफलत तिथेच दडलेली असते. मेटाबॉलिक सिंड्रोमसाठी (कमरेचा घेर, साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी यांचं एकत्र बिघडणं) २००१ च्या अमेरिकन निकषांत कमरेची मर्यादा पुरुषांना १०२ सेंटिमीटर, स्त्रियांना ८८. आपल्या लोकांसाठी ९० आणि ८० धरतात. उपाशीपोटीच्या साखरेची मर्यादा आधी ११०, मग २००५ मध्ये १०० झाली. दादरच्या एकाच इमारतीतल्या लोकांना या दोन फूटपट्ट्या लावल्या तर दोन वेगळी टक्केवारी येईल. मग पाच वर्षांत सिंड्रोम वाढला असा निष्कर्ष निघतो, आणि वाढ मात्र फूटपट्टीची असते. कमर कुठे मोजली तेही बघा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, की हाडाच्या वरच्या कडेशी. टेप थोडी वर-खाली झाली तरी आकडा बदलतो.

गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी या तपासणीचंही तेच. लोहाची कमतरता असेल तर ते खोटं वाढलेलं दिसू शकतं, आणि थॅलेसीमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असेल तर आकडा भरवशाचा राहत नाही. आपल्याकडच्या स्त्रियांवरच्या अभ्यासात हिमोग्लोबिन दिलेलंच नसेल, तर मी तो पेपर कमी वजनाचा मानतो. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, थेट मोजलं की सूत्राने काढलं? एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचं जुनं सूत्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की चालत नाही. रक्तदाब घेताना रुग्ण पाच मिनिटं शांत बसला होता का, कफ दंडाच्या मापाचा होता का? कफ लहान पडला की आकडा चढा येतो, आणि लठ्ठपणावरच्या अभ्यासात दंड जाडच असतात.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: मोजलं काय, तपासणीतला आकडा की माणसाचं भलं? अकॉर्ड ट्रायलमध्ये टाइप २ मधुमेहाच्या १०२५१ रुग्णांपैकी निम्म्यांची साखर कडक उपचाराने उतरवली. एचबीए१सी ६.४ वर आलं, दुसऱ्या गटात ७.५ राहिलं. आकड्यांच्या दृष्टीने यश. पण कडक उपचाराच्या गटात २५७ मृत्यू झाले आणि दुसऱ्यात २०३, त्यामुळे तो भाग २००८ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. म्हणून एखाद्याच्या यादीत सगळेच पेपर बारा आठवड्यांत एचबीए१सी इतकं उतरलं, ट्रायग्लिसराइड तितकं उतरलं या थाटाचे असतील, तर हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा मृत्यू मोजणारं काही आहे का ते शोधा. जिथे हे तिन्ही, कधी रुग्णालयातली भरतीही, एकत्र मोजलेले असतात, तिथे कोणता घटक कमी झाला तेही पाहा. नुसती रुग्णालयात भरती कमी होणं आणि मृत्यू कमी होणं यात फरक आहे.

एच-इंडेक्सबद्दल थोडक्यात. २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तो सुचवला. २० असेल तर अर्थ एवढाच की २० पेपरांना इतर पेपरांत प्रत्येकी किमान २० उल्लेख मिळालेत. गूगल स्कॉलरवर तो स्कोपस या दुसऱ्या सूचीपेक्षा सहसा जास्त निघतो, म्हणून दोन माणसांची तुलना करायची तर आकडे एकाच ठिकाणचे घ्या. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका.

त्यापेक्षा यादीला एक धागा आहे का ते बघा. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम या नजरेने वाचण्यासारखं आहे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास सुरू झाला. २००३ मध्ये त्यातून कळलं की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी लहान, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखलेली. २००४ मध्ये लॅन्सेट या ब्रिटिश जर्नलमध्ये ते आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो आला. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. २००८ मध्ये त्याच मातांची मुलं सहा वर्षांची झाल्यावरचा निकाल: गरोदरपणी बी१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे जास्त असलेल्या आयांच्या मुलांत इन्सुलिनचा प्रतिरोध (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) सगळ्यात जास्त. त्यातल्या दोन-तृतीयांश आयांचं बी१२ कमी होतं. आणि २०१२ मध्ये त्याच मुलांना, ती वयात आल्यावर, बी१२ देऊन पाहणारी ट्रायल सुरू झाली. वीस वर्षं एकच प्रश्न, आणि प्रत्येक पेपर आधीच्या पेपराने उभ्या केलेल्या शंकेतून निघालेला. यादीत अशा सहा ओळी असतील तर बाकीच्या चौऱ्याण्णव नसल्या तरी चालतील.

मागे घेतलेले पेपरही तपासायचे. पबमेडवर अशा पेपरावर ठळक पट्टी असते, आणि अशा पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा साठा २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेमार्फत सगळ्यांना खुला आहे. मागे घेतला म्हणजे लबाडीच केली असं नव्हे. भूमध्यसागरी आहाराची प्रेडिमेड ट्रायल २०१३ मध्ये छापली गेली. पुढे लक्षात आलं की काही ठिकाणी रँडमायझेशन नीट झालं नव्हतं. उदाहरणार्थ, एकाच घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला रँडमायझेशन न करताच तोच आहार दिला गेला. २०१८ मध्ये लेखकांनी तो पेपर मागे घेतला आणि नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला. उलट भारतातल्याच हृदयविकार आणि आहारावरच्या दोन गाजलेल्या पेपरांवर बीएमजे आणि लॅन्सेट या दोघांनी जुलै २००५ मध्ये शंका नोंदवली, आणि ते आजही त्या शंकेचा उल्लेख न करता उद्धृत होतात. मागे घेणं आणि शंका नोंदवणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्ही शोधा.

स्वतःची यादी करायला बसाल तेव्हा उलट्या क्रमाने, नवा पेपर वर. प्रत्येक ओळीत सगळे लेखक, तुमचं नाव ठळक, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, पानं, डीओआय (पेपराचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), आणि ट्रायल असेल तर नोंदणी क्रमांक. मूळ संशोधन, आढावा, केस रिपोर्ट, गोषवारे आणि कोलॅबोरेटर म्हणून नाव, यांची वेगळी शीर्षकं करा. 'पाठवला आहे' असा पेपर यादीत घालू नका. 'स्वीकारला आहे' चालेल, पण संपादकांचं पत्र जवळ ठेवा. आणि तुमचा एखादा पेपर मागे घ्यावा लागला असेल, तर ती ओळ पुसू नका. तिथेच पुढे 'मागे घेतला', वर्ष आणि कारण लिहा, आणि सुधारून छापला असेल तर त्याचा डीओआय त्याच ओळीखाली द्या.